कानाला हात

गेल्या दोन-अडीच वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या कामाची सुरुवातच बदलली आहे. मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. पूर्वी प्रकाशकाकडून हस्तलिखित यायचं, निदान दोन प्रकरणं आणि लेखकाचं टिपण तरी यायचं. ते वाचून मी दोन-तीन रफ करायचे, त्यावर चर्चा व्हायची, लेखक रुसायचा, प्रकाशक त्याची समजूत काढायचा आणि मग कधीतरी मुखपृष्ठ ठरायचं. आता व्हॉट्सॅपवर थेट चित्रच येतं. सोबत निरोप असतो, "ताई, चित्र तयार आहे. तुम्ही फक्त अक्षरं टाकून द्या."

चित्र कुणी काढलं हे विचारायची गरज नसते. प्रकाशकाने, त्याच्या कॉलेजातल्या मुलाने किंवा खुद्द लेखकाने चार ओळी टाइप केलेल्या असतात आणि यंत्राने अर्ध्या मिनिटात चित्र दिलेलं असतं. आणि माझी अडचण अशी, की बरेचदा ते चित्र चांगलं असतं.

ही अडचण मी मुद्दाम आधी मांडते आहे. आमच्या धंद्यातली एआयवरची चर्चा बहुतेकदा 'यंत्राची चित्रं वाईट असतात' इथून सुरू होते आणि तिथेच संपते. हाताला सहा बोटं, दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी अक्षरं, जोडाक्षरांचा चुराडा. २०२२-२३ साली हे विनोद खरे होते. आता बोटं पाचच येतात आणि देवनागरीही पुष्कळ सुधारली आहे. आपला आक्षेप बोटांच्या संख्येवर उभा असेल, तर तो केव्हाच पडला. 'यंत्राच्या चित्रात आत्मा नसतो' हेही मी अनेकदा ऐकलं आहे. पण आत्मा नसलेली चित्रं काढण्यात माणसंही मागे नाहीत. कुठल्याही वर्षीच्या दिवाळी अंकांचा गठ्ठा उपसून बघा.

म्हणून या लेखापुरतं मी असं धरून चालते, की यंत्राने दिलेलं चित्र उत्तम आहे. तरीही त्यात काही गैर आहे का? असेल, तर नेमकं काय?

*

पहिलं उत्तर कष्टांचं असतं. माणसाने वर्षानुवर्षं हात घासला, यंत्राला सगळं आयतं मिळालं. हे उत्तर भावनेला पटतं, पण जरा खरवडलं की टिकत नाही.

राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. महाराष्ट्रातल्या घराघरांत ज्या लक्ष्मी-सरस्वती पोचल्या, त्या त्याच्या हातची तैलचित्रं नव्हती. त्या शिळाछापावर छापलेल्या प्रती होत्या. एका चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा दगड लागे, आणि त्या दगडांवर चित्र उतरवणाऱ्या कारागिरांची नावं आज क्वचितच कुणाला सांगता येतील. रघुवीर मुळगावकरांनी कुंचल्यासोबत स्प्रे हाताळला म्हणून त्यांच्या देवादिकांच्या चेहऱ्यावरची मऊ झळाळी खोटी ठरत नाही. फ्रान्समध्ये १८५९ सालच्या सलोंवर लिहिताना बोदलेरने छायाचित्रणावर तोफ डागली होती. त्यानंतरच्या दीडशे वर्षांत छायाचित्रकार आपापलं काम करत राहिले आणि चित्रकारही. माझ्या आधीच्या पिढीने ब्रोमाइड कापून, डिंकाने चिकटवून पानं लावली. मी ते कधी केलं नाही. मराठी संगणकावर बरीच वर्षं ज्या 'मंगल' फाँटमध्ये उमटत राहिली, तो र. कृ. जोशींनी घडवला. तो वापरणाऱ्या कोट्यवधी लोकांनी बोरूने एक अक्षरही गिरवलेलं नाही. कष्ट हीच कसोटी असेल, तर आपण सगळेच नापास आहोत.

गंमत म्हणजे यंत्राच्या बाजूचे लोकही कष्टांचाच दाखला देतात. ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या वार्षिक जत्रेत डिजिटल कलेच्या एका गटात जेसन अ‍ॅलनला पहिलं बक्षीस मिळालं. चित्र त्याने मिडजर्नी वापरून केलेलं होतं. पुढे त्याने कॉपीराइटची नोंदणी मागितली, तेव्हा त्याचा युक्तिवाद असा होता, की या चित्रासाठी मी किमान ६२४ वेळा सूचना बदलत गेलो. यंत्राने केलेला भाग वगळून नोंदणी करा, असं कॉपीराइट कार्यालयाचं म्हणणं होतं. ते त्याला मान्य नव्हतं आणि सप्टेंबर २०२३मध्ये नोंदणी नाकारली गेली. ६२४ वेळा सूचना बदलणं हे कष्ट नव्हेत, असं मला म्हणवत नाही. पण कष्ट केले म्हणून वस्तू आपली होते, हेही खरं नाही. हमाल दिवसभर ओझी वाहतो. म्हणून त्यातला माल त्याचा होत नाही.

*

मग दुसरं काही शोधायला हवं. मी स्वतः हे यंत्र वापरून पाहिलं आहे, तेव्हा त्याच्याविषयी ऐकीव बोलत नाही.

एका कादंबरीसाठी मी उंबऱ्यावर बसलेली नऊवारीतली म्हातारी मागितली. आलेल्या चित्रातला उजेड असा होता, की मला तो रंगवायला दोन दिवस लागले असते. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती जिवंत. पण नाकात लग्नघरातली मोत्यांची नथ आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कादंबरीतली म्हातारी विधवा होती. नुसती विधवा नव्हे, ती सगळी कादंबरीच त्या कपाळाभोवती फिरत होती: नवरा गेल्यावर कुंकू कुणी पुसलं, तिने पुन्हा कधी लावलं, आणि लावलं तेव्हा गाव काय म्हणालं.

मी सूचना बदलली, यंत्राने निमूटपणे कुंकू काढलं. म्हणजे दोष दुरुस्त होणारा होता. माणूस चित्रकारही हस्तलिखित न वाचता असंच कुंकू लावू शकतो, आणि लावतात. फरक एवढाच, की त्या चित्रकाराला फोन करून विचारता येतं, "अहो, हे कुंकू का?" तो ओशाळेल, नाहीतर भांडेल. कदाचित म्हणेल, "मुद्दाम ठेवलंय, कारण शेवटच्या प्रकरणात ती लावते ना!" मग आपल्याला गप्प बसावं लागेल. यंत्राने ते कुंकू का लावलं, याला कारण आहे, पण ते उत्तर नव्हे. नऊवारी, म्हातारी, उंबरा असे शब्द ज्या चित्रांच्या आसपास येतात, त्यांतल्या पुष्कळ चित्रांत कुंकू असतं, म्हणून ते आलं. चित्र म्हणजे हजार लहान निर्णय, आणि यंत्र ते हजारही निर्णय 'एरवी जे असतं' त्याच्या आधाराने घेतं.

'हे असं का?' या प्रश्नाला कुणीतरी बांधील असणं, हा मला कलेतल्या कर्तेपणाचा गाभा वाटतो. कष्ट त्याच्या शेजारी असतात, कौशल्यही असतं. पण चित्राखाली नाव घालणं म्हणजे 'याबद्दल मला विचारा' असं म्हणणं. इथपर्यंत माझा प्रश्न थोडाफार सुटतो: यंत्राच्या चित्रालाही असा बांधील माणूस मिळू शकतो. कुणीतरी हस्तलिखित वाचावं, कुंकू पुसावं, आणि आपलं नाव घालावं. मग हरकत काय?

हरकत ही, की बांधिलकी फक्त पुढे बघणारी नसते. वाचकाला उत्तर द्यावं लागतं, तसंच ज्यांच्याकडून घेतलं त्यांनाही.

*

यावर नेहमी विचारलं जातं ते असं: माणूसही बघूनच शिकतो ना? यंत्राने पाहिलं तर ती चोरी कशी?

प्रश्न योग्य आहे. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मुलं ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नमुन्यांवरून हात बसवायची. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्सने तिथल्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करून घेतल्या. त्यांतल्या पुष्कळ नकला पुढे लंडनमधल्या आगीत जळाल्या. ग्रिफिथ्सचे दोन खंड मात्र १८९६-९७ साली निघाले आणि त्यांवर नाव ग्रिफिथ्सचंच आहे. नक्कल हा शिकण्याचा राजमार्ग होता, आहे. आणि शिकाऊ हातांची नावं पुसली जाणं, हेही यंत्र येण्याआधीपासून चालत आलं आहे.

पण शिकण्याची एक रीत आपल्याकडे गाण्यात अजून शिल्लक आहे, तिच्याकडे बघू. गायक मैफिलीत गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. ही नुसती नम्रता नव्हे. 'आता जे गाणार आहे ते कुणाचं आहे हे मला ठाऊक आहे, माझ्याकडून ते बिघडलं तर दोष माझा,' असं तो त्या एका खुणेत सांगतो. त्या परंपरेत नक्कल वर्ज्य नाहीच. पहिली कित्येक वर्षं गुरूच्या गळ्यातून आलेलं जसंच्या तसं उचलायचं असतं. पण उचललेलं ऋण असतं, आणि ऋण फेडायचं असतं. गुरूला परत देऊन ते फिटत नाही. पुढच्याला शिकवून फिटतं. जुन्या भाषेत याला ऋषिऋण म्हणत: अध्ययनाने आणि अध्यापनाने फिटणारं.

आता यंत्राकडे बघू. २०२२ साली लायन-५बी नावाचा संग्रह प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरच्या सुमारे ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांच्यासोबतचा मजकूर त्यात होता, आणि स्टेबल डिफ्यूजनसारखी मॉडेलं अशा संग्रहाच्या भागांवर शिकली. त्या चित्रांच्या कर्त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नावं मात्र पुसली गेली नव्हती, उलट नावांचा उपयोग झाला. ग्रेग रुटकोव्स्की या पोलिश चित्रकाराचं नाव हजारो लोकांनी प्रॉम्प्टमध्ये टाकलं, कारण ते टाकलं की चित्राला विशिष्ट भव्यता यायची. मार्च २०२५मध्ये ओपनएआयच्या नव्या चित्रसुविधेमुळे जगभरच्या लोकांनी आपले घरगुती फोटो स्टुडिओ जिब्लीच्या शैलीत करून घेतले. आपल्याकडेही लग्नाच्या वाढदिवसापासून वारीपर्यंत सगळं जिब्ली झालं. तिथेही नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण नाव घेताना हात कानाकडे जात नव्हता. नाव नळाच्या तोटीसारखं होतं: फिरवलं की धार.

बघून शिकणारा माणूस आणि बघून शिकणारं यंत्र यांच्यातला फरक मेंदूत आणि चिपमध्ये शोधू नये, असं मला वाटतं. तो फरक कदाचित उद्या राहणार नाही. फरक शिकल्यानंतर काय होतं यात आहे. शिकलेला माणूस त्या धंद्यातलाच एक होतो. तो भाव पडला की त्यालाही झळ लागते, नवा कुणी आला की त्याला जागा करून द्यावी लागते, जुना कुणी आजारी पडला तर वर्गणी काढावी लागते. यंत्र शिकून बाहेरच उभं राहतं आणि ज्यांच्याकडून शिकलं त्यांच्याच गिऱ्हाइकाला हाक मारतं.

*

इथे एक आक्षेप असा आहे, की त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ऋण, गुरू, परंपरा हे शब्द ऐकायला गोड आहेत. पण ही कल्पना ज्या समाजरचनेत जन्मली, ती सगळ्यांना शिकूच देत नव्हती. घराण्यांत चिजा लपवल्या जात. कलाशाळेची फी, मुंबई-पुण्यात राहण्याचा खर्च, 'आपल्यातला' असण्याची अट, हे सगळं ओलांडून किती जण आले? आज आंबेजोगाईचा किंवा गडहिंग्लजचा एखादा मुलगा, ज्याच्या घरात रंगांची पेटी कधी आली नाही, मोबाइलवर मनातलं चित्र उभं करतो. त्याला तुम्ही ऋणाचं कीर्तन ऐकवणार? हा तर एकलव्य आहे. गुरूने दाराबाहेर काढलं, म्हणून मातीच्या पुतळ्यासमोर शिकला. तुम्ही द्रोणाचार्य होऊन अंगठा मागताय.

या आक्षेपाचं वजन मी कमी करत नाही. त्या मुलाच्या हातातलं साधन काढून घेण्याचा मला अधिकार नाही, इच्छाही नाही. पण उपमा नीट लावून बघितली पाहिजे. या गोष्टीत परवानगी न विचारता शिकलेला कोण आहे? तो मुलगा नव्हे. शिकलं आहे मॉडेल, आणि ते ज्यांच्या मालकीचं आहे त्या जगातल्या सर्वांत धनाढ्य कंपन्यांपैकी आहेत. एकलव्य रानात राहत होता. या कंपन्या हस्तिनापुरात राहतात. आणि अंगठा कुणाचा गेला? शिकणाऱ्याचा नाही, ज्यांच्याकडून शिकलं त्यांचा गेला. गावोगावचे मुखपृष्ठकार, मुलांच्या पुस्तकांत पानापानांवर चित्रं काढणारे, लग्नपत्रिकांचे गणपती काढणारे यांतला कुणीही द्रोणाचार्य नव्हता. त्यांतले पुष्कळ जण स्वतःच दाराबाहेरून शिकून आलेले होते.

त्या मुलाला खरोखर काय मिळालं, तेही बघावं लागेल. चित्र मिळालं. चित्रकार होण्याची वाट मिळाली का?

*

माझी खरी काळजी इथे आहे, आणि ती सौंदर्यशास्त्राची नाही, भाकरीची आहे.

उपयोजित कला शिकून आलेला कऱ्हाडकडचा एक मुलगा माझ्याकडे काम करतो. सुरुवातीची दोन वर्षं त्याने जे केलं, त्याला कुणी कला म्हणणार नाही. गाइडांची कव्हरं. पतसंस्थेचं कॅलेंडर. बालकथेतले चौदा ससे, चौदाही वेगवेगळ्या कोनांतून. त्या सशांचे पैसे थोडे मिळाले, पण चौदाव्या सशापर्यंत त्याचा हात बसला. आमच्या धंद्यात हात असाच बसतो. दीनानाथ दलालांनी कथाचित्रं, कॅलेंडरं, जाहिराती, मुखपृष्ठं असं सगळं केलं, आणि १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंकही काढला. मोठं काम छोट्या कामांच्या ढिगावर उभं असतं.

यंत्राने सगळ्यात आधी हे ससे नेले. मला अजून काम मिळतं. ज्यांची नावं झाली आहेत त्यांना मिळत राहील. पण पहिली पायरी गेली आहे. म्हणजे ऋण फेडायची जी एकमेव रीत होती, पुढच्याला शिकवणं, तीच बंद पडते आहे. मी त्या मुलाला शिकवेन हो. पण त्याने ते कशावर गिरवायचं? जो वीस वर्षांनी यंत्राच्या चित्रातलं कुंकू ओळखणार आहे, त्याची नजर आज कुठल्या कामावर तयार होणार?

कायद्याकडे बघितलं तर आपल्या कायद्यात एक सूचक वाक्यरचना आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली, आणि संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण व्हायला जो कारण झाला तो, अशी व्याख्या आली. तेव्हा आजची मॉडेलं कुणाच्या स्वप्नातही नव्हती. तरी 'कारण होणं' हा शब्दप्रयोग मला नैतिकदृष्ट्या मोलाचा वाटतो. अधिकार मागायचा असेल तर कारणही आपणच व्हावं लागेल. आणि कारण झालो, तर त्या चित्रामागे उभ्या असलेल्या नामानिराळ्या लोकांचं ऋण यंत्राच्या खाती टाकून मोकळं होता येणार नाही. यंत्राला ऋण नसतं. ते बटण दाबणाऱ्याच्या खाती येतं: प्रकाशकाच्या, लेखकाच्या, आणि त्यावर अक्षरं टाकणाऱ्या माझ्याही.

*

मराठीत 'कानाला हात लावणं' याचा दुसराही अर्थ आहे: पुन्हा या वाटेला जाणार नाही, अशी शपथ. माझ्या काही व्यवसायबंधूंनी तो अर्थ घेतला आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण मी पहिल्या अर्थाच्या बाजूची आहे. मी एवढंच ठरवलं आहे: यंत्राचं चित्र आलं तर अक्षरं टाकेन, पण श्रेयपानावर 'चित्र: एआयनिर्मित' असं छापायचं. वाचलेल्या पैशांतला काही भाग आतल्या एखाद्या रेखाटनासाठी, पुस्तकाच्या बोधचिन्हासाठी, कशासाठीही, एखाद्या नवख्या हाताला द्यायचा. आणि हस्तलिखित कुणीतरी माणसाने वाचलेलं असायला हवं.

एका प्रकाशकांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "ताई, पाचशेची आवृत्ती आहे. पैशांचं बघू काहीतरी. पण ती श्रेयाची ओळ नको. वाचकाला कळलं तर तो पुस्तक खाली ठेवेल."

प्रकाशक सज्जन आहेत. मराठी पुस्तकाचा हिशेब किती तंग असतो हे मला त्यांच्याइतकंच माहीत आहे. पण त्यांनी नकळत माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. 'छायाचित्र: अमुक' असं छापताना कधी कुणाला संकोच वाटला नाही. मुद्रक, मांडणीकार, अक्षरजुळणी करणारा, सगळ्यांची नावं आपण छापत आलो. जे साधन आपण वापरलं ते वाचकापासून लपवावंसं वाटतं, याचा अर्थ त्यात काहीतरी फेडायचं राहिलं आहे, हे आपल्याला आतून ठाऊक आहे. ते फेडलं तर ती ओळ छापायला संकोच वाटणार नाही. आणि ती ओळ वाचूनही पुस्तक हातात ठेवायचं की खाली, हे वाचकाला ठरवू द्यावं.

ते काम माझ्याकडे आलं नाही. पुस्तक निघालं आहे, बरं चाललं आहे असं ऐकते. मुखपृष्ठ देखणं आहे. श्रेयपानावर चित्रकाराच्या नावाची जागा कोरी आहे.